तांबे सर आणि पाण्याची बंद वाट

इंजिन सुरू होऊन नऊ मिनिटं झाली होती. तांबे सरांचा डावा हात कार्बोरेटरवर होता आणि उजव्या हाताने ते मला जवळ बोलावत होते. मागच्या अंगणात ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. इंजिनला लावलेल्या विमानाच्या पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता, त्यामुळे ते काय म्हणतात ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी चुन्याने आखून दिलेल्या रेषेवरून मी पंख्याच्या मागे गेले. त्यांनी बोटाने जागा दाखवली. मी हात ठेवला. खाली इंजिन तापलेलं होतं आणि वर बसवलेला कार्बोरेटरचा तो वीतभर धातूचा डबा माठासारखा गार होता. त्याला बाहेरून घाम फुटला होता.

मग इंजिन अडखळलं. पुन्हा अडखळलं. आवाज खाली आला आणि ते बंद पडलं.

सरांनी हवेची जाळी काढली आणि आत बॅटरीचा झोत टाकला. "बघा बाई. लवकर बघा."

जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात त्या अरुंद गळ्यात काहीतरी पांढरं साचलं होतं. बर्फ होता.

"वसंतरावांना आणा," सर म्हणाले.

वसंत, माझा नवरा, मागच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसला होता. ओल्या जांभ्यावर खुर्चीचं चाक अडलं. ती ढकलत आणेपर्यंत चार मिनिटं गेली. वसंतने वाकून आत पाहिलं. आत पाण्याचे दोन थेंब होते.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"होतं," सर म्हणाले.

"मला नाही दिसलं."

"पुन्हा करतो."

तांबे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी माझ्याकडे लेख मागितला. मी सरांची विद्यार्थिनी नाही. बोर्ली पंचतनला मी मराठी शिकवत होते. यंत्रांतलं मला काही कळत नव्हतं, अजूनही फारसं कळत नाही. पण त्या सकाळी अंगणात आम्ही तिघेच होतो. त्या सकाळबद्दल वसंत लिहिणार नाही आणि सरांना स्वतःबद्दल लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

वसंतने तीस वर्षं मुंबईत विमानांच्या दुरुस्तीचं काम केलं. मोठी, शेकडो माणसं नेणारी विमानं. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये एक माणूस बसेल एवढं विमान बांधायला घेतलं. उडवण्याचा परवाना त्याच्याकडे होता. विकत घेतलेले नकाशे होते. सांगाडा तीन वर्षांत उभा राहिला. इंजिन मात्र एका जुन्या छोट्या मोटारीचं घ्यायचं होतं आणि तिथे तो अडला. ज्या विमानांत त्याचा जन्म गेला त्यांना कार्बोरेटर नसतो. म्हसळ्याच्या तीन गॅरेजांत त्याने चौकशी केली. तिन्ही ठिकाणी एकच नाव निघालं.

जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवून सर तेव्हा निवृत्त झाले होते. ते एसटीने आले. पाणी प्याले, शेडमध्ये गेले आणि अर्धा तास एक शब्द न बोलता विमानाभोवती फिरले. मग त्यांनी विचारलं, "उडवणार कोण?"

"मीच," वसंत म्हणाला.

"मग बसून बोलू."

माझी आणि सरांची ओळख ती अशी. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघे जमिनीवर बसले होते.

कार्बोरेटर निवडायला त्यांना चार महिने लागले. टेबलावर तीन होते. एक त्या मोटारीचाच, जड. दुसरी मोटारसायकलची जोडी, हलकी. वर गेल्यावर पातळ हवेशी आपलं आपण जुळवून घेणारी. तिसरा खास विमानाचा, वसंतच्या एका जुन्या सहकाऱ्याने परदेशातून आणलेला, वापरलेला. वसंतचा जीव तिसऱ्यावर होता. सरांनी तिन्ही उघडले. फळीला कोनमापक लावून प्रत्येक डबा पुढे, मागे, कडेला कलवला आणि आतल्या तरंगत्या गोळ्याचं काय होतं ते पाहिलं. प्रत्येक कलाची नोंद वहीत केली. रोज तेच. एकदा वसंत वैतागून म्हणाला, "सर, मुलगी बघायला आल्यासारखे बसता तुम्ही."

"तेव्हा इतका वेळ नव्हता दिला," सर म्हणाले. "घरी विचारा, ऐकवतील तुम्हाला."

सर्वांत चांगला कुठला, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की यातला कुठला बिघडताना आधी सांगेल. जो एकदम मरतो तो नको. जो खोकतो, अडखळतो, माणसाला खाली यायला वेळ देतो, तो हवा. विमानाच्या कार्बोरेटरची सुई झिजलेली निघाली. मोटारसायकलच्या जोडीत एक डबा गप्प बसला तर दुसरा ते झाकून नेतो, असं त्यांचं मत पडलं. शेवटी त्यांनी मोटारीचाच निवडला. "हा म्हसळ्यापासून मुरुडपर्यंत कुणीही डोळे मिटून उघडेल," ते म्हणाले. वसंतने थोडा वाद घातला आणि मानलं.

सरांच्या कामाबद्दल या अंकात इतर अनेक जण माझ्यापेक्षा जाणतेपणाने लिहितील. मी एक ऐकलेली गोष्ट सांगते. त्यांच्या वर्गात 'बहुतेक' म्हणायला बंदी होती. मुलाने "बहुतेक प्लग गेलाय" असं म्हटलं की ते विचारत, "हात लावलास?" नसेल लावला तर पहिल्यापासून. धर्मांतरानंतर वाढलेली त्यांच्या वाडीतली ती पहिली पिढी. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासायचं, हे त्यांना घरात बुद्धाच्या तसबिरीखाली शिकवलेलं होतं. वर्गात त्यांनी ते इंजिनांना लावलं.

तरीही एका जागी त्यांनी हात लावला नव्हता.

मोटारीच्या इंजिनात कार्बोरेटरच्या खाली जो भाग असतो, मॅनिफोल्ड, त्याच्या तळातून इंजिनचं गरम पाणी फिरतं. त्याने कार्बोरेटर उबदार राहतो. आमच्या भागातले मेकॅनिक ही पाण्याची वाट पत्र्याची चकती घालून बंद करतात. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल उकळून गाडी बंद पडते, तो त्यावरचा इलाज. सरांना हे त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. सरांनी ते विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलं. वसंतच्या इंजिनातही त्यांनी ती वाट बंद केली. नळ्या गेल्या, वजन कमी झालं. नकाशात कार्बोरेटरला गरम हवा देण्याची एक पेटी दाखवली होती. तिच्याशेजारी लिहिलं होतं, हवामानानुसार बसवावी. वसंतने विचारलं, "ही पेटी?"

"ती थंड देशातल्या लोकांसाठी," सर म्हणाले. "आपल्याकडे बर्फ मुरुडच्या होड्यांत भरतात तेवढाच."

दोघे हसले. मीही हसले. मे महिन्यात अंगणात इंजिन सलग चाळीस तास चालवून पाहिलं. एकदाही अडखळलं नाही.

उड्डाण घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवरून झालं. पावसाळा सरत आला होता. सकाळी गारवा होता, शेतांवर धुकं होतं. वसंतने दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत उतरण्यासाठी त्याने इंजिनचा जोर कमी केला, आणि धावपट्टी समोर दिसत असताना इंजिन बंद पडलं. विमान बाजरीच्या शेतात पडलं. वसंतचा कणा कमरेजवळ मोडला.

चौकशी झाली. टाकीत पेट्रोल होतं. ठिणगी पडत होती. इंजिन उघडलं तेव्हा आत काहीही दोष नव्हता. कार्बोरेटर स्वच्छ, कोरडा. मग राहतो माणूस. पेट्रोल चालू-बंद करणारा कॉक चुकून बंद झाला असावा, असं कुणीतरी म्हणालं. वसंतला शेवटच्या क्षणी आपला हात कॉककडे गेल्याचं आठवत होतं. तो उघडा आहे का ते बघायला गेला, की बंद करून आला, हे आठवत नव्हतं. "मीच फिरवला असणार," तो म्हणाला. तीस वर्षं दुसऱ्यांची विमानं तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या विमानात असं करावं, याबद्दल लोक माझ्यासमोर गप्प बसत आणि माघारी त्याच्या वयाबद्दल बोलत. अकरा महिने तो हे घेऊन जगला. शेडकडची खिडकी त्याने बंद करून घेतली.

त्या अकरा महिन्यांत सरांनी जे केलं ते मला लिहायलाच हवं. इस्पितळात ते सहा दिवस बाकावर झोपले. वसंतचे कपडे मी धुवायला घेतले की ते आधीच धुतलेले असत. वसंत घरी आल्यावर त्यांनी उंबऱ्यांना लाकडी उतार केले. फिजिओथेरपीच्या बाईंकडून पायांचे व्यायाम शिकून घेतले आणि दर मंगळवारी पावणेनऊच्या एसटीने येऊन ते स्वतः करून घेऊ लागले. वसंतच्या पायांना संवेदना नाही. सर तरीही प्रत्येक वेळी आधी सांगत, "आता डावा घेतो." तेव्हा त्यांना स्वतःच्या चुकीचा पत्ता नव्हता. ती माणुसकी होती, प्रायश्चित्त नव्हतं. हा फरक वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

मग श्रावणात त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याची जुनी व्हॅन पावसात घाट उतरताना बंद पडत होती.

"काय करतोस मग?" सरांनी विचारलं.

"काय न्हाय सर. धा मिन्टं हुबी करायची. आपसूक चालू व्हते."

"आत काय सापडतं?"

"कायच न्हाय. सगला साफ हाय."

"पाण्याची वाट बंद केलीयस?"

"म्हंजे काय! तुमीच शिकवलंव ना."

सर मला नंतर म्हणाले की ते ऐकल्यावर ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. विद्यार्थ्याला वाटलं सरांना चक्कर आली. त्याने सोडा आणला.

पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची ऊब ओढून घेतं. हाताला स्पिरिट लावल्यावर गार लागतं तसं. हवा दमट असेल आणि इंजिन मंद चालत असेल, तर त्या गळ्यात हवेतलं पाणी गोठतं. त्याला थंड देश लागत नाही. श्रावणातली कोकणातली सकाळ पुरते. बर्फ हवेची वाट अडवतो, इंजिन मरतं, आणि मग इंजिनच्याच उष्णतेने बर्फ वितळून जातो. मागे काही राहत नाही. एवढ्याचसाठी ते गरम पाणी असतं.

सर हे कुणालाही न सांगता राहू शकले असते. चौकशी संपली होती. विद्यार्थ्याला ते "वाट उघड" एवढंच म्हणून घरी गेले असते. त्याऐवजी ते दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले आणि ताडपत्रीखाली ठेवलेलं इंजिन चालवायची परवानगी मागितली. कशासाठी, ते वसंतला सांगितलं नाही. "आधी दाखवतो," एवढंच म्हणाले.

पहिल्या वेळेला काय झालं ते वर लिहिलं आहे. दुसऱ्या वेळी बर्फ धरलाच नाही; पाऊस थांबून ऊन पडलं होतं. तासाभराने पुन्हा आभाळ आलं. तिसऱ्या वेळी आम्ही वसंतची खुर्ची आधीच चुन्याच्या रेषेच्या आत, कार्बोरेटरपाशी नेऊन ठेवली. आठव्या मिनिटाला इंजिन अडखळलं. वसंतने ते अडखळणं ऐकलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो आवाज त्याने आधी ऐकला होता. इंजिन बंद पडलं. सरांनी जाळी काढली. वसंतने दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढून पाहिली. बोटांवर बर्फ होता. तो पाणी होईपर्यंत तो बघत राहिला.

"म्हणजे कॉक मी फिरवला नव्हता," तो म्हणाला.

"नाही. पाणी मी बंद केलं होतं."

सरांनी जाळी परत बसवली. मग सरच बोलले. "निवड बरोबर होती, वसंतराव. तिच्याबरोबर जे यायला हवं होतं ते मी तोडलं. उस्तादाने सांगितलं, मी मानलं. हात लावला नाही."

"पेटीचं मी विचारलं होतं," वसंत म्हणाला.

"विचारलं होतं."

"मग मीपण हसलो."

"हसलात. पण उत्तर माझं होतं."

वसंत मला म्हणाला, "चहा टाक." चहा झाला. सर गेले.

मला वाटलं होतं की ओझं उतरलं. तसं होत नाही. अकरा महिने वसंत स्वतःवर रागावलेला होता. आता त्या रागाला दुसरी जागा मिळाली. पुढच्या मंगळवारी सर आले तेव्हा तो म्हणाला, "त्यांनी माझ्या पायांना हात लावायचा नाही." मी बाहेर जाऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले, कारण सरांना सौम्य केलेलं आवडत नाही. त्यांनी मान हलवली. पडवीत बसले, माझ्या शिवणयंत्राचा पट्टा बदलला आणि अकराच्या एसटीने परत गेले. त्यानंतरच्या मंगळवारी ते पुन्हा आले. असं वर्षभर चाललं आहे. वसंत आत, सर पडवीत. व्यायाम मी घेते.

या वर्षात सरांनी चौकशी करणाऱ्यांना स्वतःच्या अक्षरात सहा पानांचं निवेदन पाठवलं. पोच आली, दुसरं काही आलं नाही. हजेरीपटांतून पत्ते काढून त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं लिहिली: मी तुम्हाला अमुक एक गोष्ट चुकीची शिकवली, ती वाट उघडा, आणि मी शिकवलेलं बाकीचंही एकदा तपासून पाहा. बरेच जण हसले. आता कार्बोरेटरच्या गाड्या राहिल्यात कुठे, असं काहींनी कळवलं. एकाने लिहिलं, सर, तुमच्यावरचा विश्वास उडाला. ते कार्ड सरांनी वहीत चिकटवून ठेवलं आहे.

या अंकाचे संपादक, सरांचेच विद्यार्थी, माझ्याकडे आले होते. भला माणूस. म्हणाले, "बाई, सगळं लिहा, फक्त तेवढा भाग जरा मऊ करा. गौरवाचा अंक आहे." मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मऊ करणार असाल तर लिहूच नका. आणि 'चूक' लिहा. 'त्रुटी' वगैरे नको."

मी 'चूक' लिहिलं आहे. ज्या माणसाचा गौरव करण्यासाठी त्याची चूक लपवावी लागते, त्याच्या गौरवाला मी लेख दिला नसता. तांबे सरांनी माझ्या नवऱ्याला चालतं केलं नाही. ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण जे त्याने केलं नव्हतं ते त्याच्या माथ्यावरून त्यांनी उतरवलं आणि स्वतःच्या माथ्यावर घेतलं, आणि तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवणारं जगात कुणी नव्हतं. असं वागलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

सरांना दीर्घ आयुष्य लाभो असं म्हणताना माझा हात अडतो, कारण त्यांना यापुढची वर्षं सोपी जाणार नाहीत हे मला ठाऊक आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बोटं थरथरतात, पोस्टकार्डं लिहायला वेळ लागतो. तरी मी म्हणते. ते खूप वर्षं जगोत. त्यांचे डोळे, हात आणि गुडघे त्यांना साथ देवोत, आणि रात्री त्यांना झोप लागो.

इथपर्यंतचा लेख मी सोमवारी संध्याकाळी वसंतला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीप्रमाणे आले. वसंतने खुर्ची पडवीत न्यायला सांगितली. अकरापर्यंत दोघे तिथे बसले होते. व्यायाम झाला नाही.